रसवंतीचं चिपाड आणि नाल्याचं पाणी

फाल्गुन सरता सरता विहिरी तळ गाठतात आणि शहरालगतच्या मळ्यांत नाल्यावर मोटारी बसतात. नाल्याची धार आटलेली, कारखान्यांचं सांडपाणी मात्र तेवढंच. म्हणून शिसं, कॅडमियम, निकेल हे त्या सांडपाण्यातले विषारी धातू याच दिवसांत दाट होतात. पालक तर कॅडमियम मुळांवाटे ओढून पानांत साठवतो. ते धुऊन जात नाही.

आधी पाणी तपासा. टीडीएस मीटर क्षार सांगतो, त्यातून कॅडमियम कळत नाही. सिंचनाच्या पाण्याच्या नेहमीच्या अहवालातही सामू (पीएच), क्षारता, कार्बोनेट असंच असतं, हे धातू सहसा नसतात. धातूंची नावं सांगून तपासणी मागा, बाटलीही प्रयोगशाळेकडूनच घ्या. सिंचनाच्या पाण्यात कॅडमियम लिटरला ०.०१ मिलिग्रॅमच्या आत असावं, अशी एफएओची (संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेची) शिफारस आहे.

जास्त निघालं, तर रसवंतीवर फुकट मिळणारं चिपाड उपयोगी पडतं. त्याच्या तंतूंवर धातूचे कण चिकटतात. बोटभर तुकडे करून नितळ पाणी निघेपर्यंत धुवा (साखर राहिली की आंबलंच), वाळवा, जाडसर भरडा. पिंपात खाली खडी, त्यावर वाळू, मग हा भुगा, वर पुन्हा वाळू. पाण्याची धार करंगळीपेक्षा बारीक ठेवा. संत्र्याच्या साली मिळाल्या तर त्या चुन्याच्या निवळीत रात्रभर भिजवून, धुऊन, वाळवून वापरा, पकड वाढते. पाण्याचा सामू ५ ते ६ असला तर उत्तम, फार आंबट पाण्यात पकड सुटते. फ्लोराइड, नायट्रेट, आर्सेनिक यांवर मात्र हा उपाय नाही.

एकरभर रानाला ५ सेंटिमीटर पाणी द्यायचं म्हणजे २ लाख लिटर. पिंपाचं ते काम नव्हे. रोपवाटिका, परसातला वाफा, एवढ्यापुरतंच ते ठेवा. मोठ्या मळ्यात यंदा पालक-मेथीऐवजी झेंडू लावलेला बरा. पिंपातलं पाणी प्यायला नको, गुरांनाही नको.

पिंपातून निघालेलं पाणीही पुन्हा तपासून घ्या. त्यात धातू दिसू लागले की भुगा बदला. खरी चूक होते ती इथेच. वापरलेला भुगा कंपोस्टच्या खड्ड्यात गेला तर धातू शेतातच परत येतात, जाळला तर कॅडमियम धुरात आणि बाकीचे राखेत. दुहेरी प्लास्टिकच्या पोत्यात बांधून ठेवा आणि घातक कचरा कुठे द्यायचा ते प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या कार्यालयात विचारा. तोवर पोतं गोठ्यापासून लांब. चिपाड दिसलं की गुरं तोंड लावतातच.