सुरी बनवून घेताय? पोलाद असं निवडा

लोहाराकडं किंवा सुऱ्या बनवणाऱ्याकडं जाऊन ‘चांगल्यातलं स्टील वापरा’ एवढंच सांगितलं, तर तो त्याच्याकडं पडून असलेलं वापरणार. त्याचा दोष नाही. चांगलं म्हणजे कशाला चांगलं, हे आधी तुम्हीच ठरवायचं असतं.

१. काम ठरवा

कांदा-कोथिंबीर चिरायची आणि त्याच सुरीनं तांबड्या रश्श्याची नळीही फोडायची, असं असेल तर कुठलंही पोलाद घ्या, फसणारच. चिरायच्या सुरीला पाठीकडं २ ते २.५ मिमी जाडी पुरते. धारेच्या जरा मागं ती ०.३ मिमीपर्यंत उतरलेली हवी आणि धारेचा कोन दर बाजूला १५ अंश. असं पातं हाडावर मारलं की धारेचे कपचे उडतात. सत्तुराची पाठ ५ मिमीच्या पुढं, कोन २५ अंश आणि पोलाद चिवट लागतं. एकाच हत्याराचे पैसे असतील तर सुरी घ्या. हाडं खाटकाकडूनच तोडून आणा.

२. नावाआधी हार्डनेस विचारा

पोलादाचं नाव तेच, पण पाणी देणारा हात वेगळा असला की पातंही वेगळं निघतं. (पाणी देणं म्हणजे पातं लाल तापवून एकदम विझवून कडक करणं. म्हणायला ‘पाणी’, पण खाली सांगितलेल्या पोलादांना साधं पाणी चालत नाही, तडा जाण्याची भीती; कमानपाटा आणि ईएन ३१ला तेल लागतं.) तापवून तेलात विझवलेलं पातं काचेसारखं ठिसूळ असतं. चिरायच्या सुरीचं असं पातं १८० ते २०० अंश सेल्सिअसवर दोनदा, दर खेपेला दोन तास ठेवावं लागतं. हे टेंपरिंग टाळलं तर सुरी ओट्यावरून पडली तरी टोक गमावते.

चिरायच्या सुरीला रॉकवेल सी या हार्डनेसच्या मापावर ५८ ते ६१, सत्तुराला ५४ ते ५७ मागा. आपल्या कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीत हार्डनेस मोजायचं यंत्र दुर्मिळ नाही, त्यामुळं ‘मोजून द्या’ म्हणायला लाजू नका.

३. आता पोलादांची तुलना

कमानपाटा, म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगचं पोलाद: कार्बन ०.५ ते ०.६ टक्के. वाकेल पण सहसा तुटणार नाही. कोयता आणि सत्तूर याचेच करावेत. भंगारातला पाटा मात्र आयुष्यभर दणके खाऊन आलेला असतो. त्यातली केसाएवढी चीर भट्टीत दिसत नाही, पाणी देताना उघडी पडते. नवा पाटा मागा.

ईएन ३१, म्हणजे बेअरिंगचं पोलाद: कार्बन साधारण १ टक्का, क्रोमियम दीड टक्का. घरच्या स्वयंपाकाला आमची पसंती यालाच. दाणा बारीक, त्यामुळं धार तलम बसते आणि साध्या दगडावर पाच मिनिटांत परत येते. गंज मात्र धरतं. कांदा, चिंच, कैरी चिरली की पातं काळंनिळं पडतं; तो डाग आहे, गंज नव्हे, घासून काढू नका. तांबूस दिसलं की मात्र लगेच काढा.

डी २: कार्बन दीड टक्का, क्रोमियम १२ टक्के. धार जास्त दिवस टिकते, पण गेली की साधा दगड दमतो, डायमंड प्लेट लागते. एवढं क्रोमियम असूनही हे पूर्ण स्टेनलेस नाही, कारण बरंचसं क्रोमियम कार्बनशी जुळून कार्बाइडच्या कणांत अडकून पडतं.

४४० सी: क्रोमियम १७ टक्क्यांच्या आसपास. सुरी सिंकमध्ये तशीच पडून राहणार असेल तर हेच घ्या. पण याला पाणी देताना १००० अंश सेल्सिअसच्या वर, नेमकं राखलेलं तापमान लागतं. कोळशाच्या भट्टीवर डोळ्यांच्या अंदाजानं ते जमत नाही. हीट ट्रीटमेंट कुठं होणार, ते विचारा.

भांड्यांचं ३०४ स्टेनलेस कुणी देऊ केलं तर नको म्हणा. ते पाणी धरतच नाही, म्हणजे विझवून कडक होतच नाही.

४. हातात आल्यावर तपासा

६ मिमीची पितळी सळई आडवी धरा. धारेच्या कोनातच पातं तिच्यावर टेकवून हलकं दाबा आणि उजेडात बघा. धार किंचित फुगते. दाब काढल्यावर सरळ झाली तर उत्तम. तशीच वाकून राहिली तर पातं मऊ, कपचा उडाला तर जास्त कडक.

धारेजवळ निळसर पट्टा दिसला तर सुरी परत करा. ग्राइंडरवर तेवढा भाग ३०० अंशांच्या आसपास तापला आणि दिलेलं पाणी उतरलं, असा त्याचा अर्थ. मोजलेला हार्डनेस पाठीकडचा असेल तर हे आकड्यात दिसणार नाही.

५. पावसाळ्यात

ईएन ३१ किंवा डी २ची सुरी धुऊन लगेच पुसा आणि फूड ग्रेड मिनरल ऑइलचा हात फिरवा. शेंगतेल नको, ते चिकट होतं. आणि कोल्हापूर म्हणून हौसेनं चामड्याचं म्यान शिवून घेतलंत, तरी सुरी त्यात ठेवून देऊ नका. आपलं चामडं बाभूळ-हिरड्यानं कमावलेलं असतं. ते ओल धरतं आणि त्यातलं टॅनिन पोलाद काळं करतं. म्यान प्रवासापुरतं, घरी लाकडी खाचच बरी.