नैराश्यात असताना डॉक्टरांपर्यंत कसं पोहोचावं

थायरॉईड, मधुमेह, संधिवात असं काहीतरी आधीच मागे लागलेलं असताना नैराश्य आलं, की दवाखान्यात जाण्याची गरज सगळ्यात जास्त असते आणि उठून तोंड धुण्याचंही बळ नसतं. मी यात आठ महिने घालवले. "मनाला लावून घेऊ नका, चार दिवस माहेरी जाऊन या," असं एका डॉक्टरांनी सांगितलं आणि मी तेच धरून बसले. पुढे दुसरीकडे रक्त तपासलं तेव्हा टीएसएच बरंच वाढलेलं, म्हणजे थायरॉईड मंदावलेलं निघालं. थायरॉईडची गोळी सुरू झाली, अंगातला जडपणा कमी झाला, तरी उदासी राहिलीच. तिच्यासाठी वेगळे उपचार घ्यावे लागले. दोन्ही आजार खरे होते.

जीव नकोसा वाटत असेल, स्वतःला संपवण्याचे विचार येत असतील, तर खालचं सगळं नंतर वाचा. आत्ता 14416 हा टेलिमानसचा नंबर लावा. सरकारी सेवा आहे, मोफत आहे, रात्री-अपरात्रीही चालू असते आणि मराठीत बोलता येतं. घरातल्या गोळ्या-औषधं कुणाच्या तरी ताब्यात द्या आणि एकटे राहू नका. धोका अगदी समोर असेल तर 108 ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जा.

आधी एक कागद

डॉक्टरांसमोर बसलं की शब्द सुचत नाहीत, रडू येतं, आणि आपण "बरं वाटत नाही" एवढंच बोलून परत येतो. म्हणून घरीच लिहून ठेवा, एका बैठकीत होत नसेल तर रोज दोन ओळी. "तीन आठवड्यांपासून पहाटे तीनला जाग येते, कुकर लावायचंही जड जातं, गुडघे सकाळी तासभर आखडलेले असतात" असं लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना पुढचा प्रश्न विचारता येतो. झोप, भूक, वजन, पाळी आणि पूर्वी सहज करत होतात पण आता सुटलेली कामं लिहा. दोन आठवड्यांहून जास्त दिवस जवळपास रोज मन उदास असेल किंवा कशातच रस वाटत नसेल, तर ते सगळ्यात वर लिहा.

कागदाच्या मागे सगळ्या चालू गोळ्यांची नावं लिहा. मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी, आयुर्वेदिक काढा, झोपेची अर्धी गोळी, काही लपवू नका. दारू किंवा तंबाखू असेल तर तेही. मनाच्या आणि शरीराच्या तक्रारी एकाच पानावर असू द्या. गुडघ्यांसाठी एका डॉक्टरांकडे आणि झोपेसाठी दुसऱ्याकडे गेलं की पूर्ण चित्र कुणालाच दिसत नाही.

कुणाकडे जायचं

ओळखीचे फॅमिली डॉक्टर असतील तर तिथून सुरुवात करा. हिमोग्लोबिन, शुगर, थायरॉईड आणि बी-12 तपासायची गरज आहे का, हे स्वतःहून विचारा. थायरॉईड मंदावणं, रक्त कमी असणं किंवा बी-12 ची कमतरता यांनीही थकवा आणि उदासी येते. शाकाहारी घरांमध्ये बी-12 कमी निघणं नेहमीचं आहे. रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून "काही झालेलं नाही" असं मात्र होत नाही. नैराश्य रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसत नाही.

पुढचा टप्पा मानसोपचारतज्ज्ञ. ते औषध लिहून देणारे डॉक्टर असतात. समुपदेशक बोलून मदत करतात, औषध देत नाहीत. खूप जणांना दोघांचीही गरज पडते. खाजगी फी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कोणत्या वारी असते ते विचारून घ्या. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत आहेत. मुंबईत केईएम, सायन, नायर आणि पुण्यात ससून इथे मानसोपचार विभाग आहेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांचं नाव काढलं की लोक दचकतात, पण ओपीडीत दाखवून, गोळ्या घेऊन माणसं त्याच दिवशी घरी जातात.

सोबत कुणीतरी

"मला मदत कर" म्हटलं की समोरच्याला काय करायचं ते कळत नाही. नेमकं काम सांगा. मी वहिनीला म्हटलं, "बुधवारी माझा नंबर लाव आणि माझ्या शेजारी बस." तिने फाईल धरली आणि मी विसरले ते तिने सांगितलं.

"टेन्शन आहे" म्हणून परत पाठवलं तर

इथेच सर्वात जास्त माणसं मागे फिरतात. नैराश्याची नोंद फाईलवर आली की पुढची प्रत्येक दुखणीखुपणी मनाच्या खात्यावर जाण्याची भीती असते. शांतपणे विचारा: "टेन्शन असेलही डॉक्टर, पण दुसरं कोणतं कारण असू शकतं? ते कसं तपासायचं?" उत्तर केस पेपरवर लिहून द्यायला सांगा. तरी समाधान झालं नाही तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. छातीत दुखणं, दम लागणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं हे मात्र कुणीही, तुम्ही स्वतःसुद्धा, नैराश्यावर ढकलू नका. तेव्हा लगेच 108.

गोळ्या सुरू झाल्यावर

नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी होऊ शकते. तेव्हा न विचारता बंद करू नका आणि बरं वाटायला लागलं म्हणून तर नाहीच नाही. अचानक सोडल्यास चक्कर, अस्वस्थता असा त्रास होतो. उलट बेचैनी वाढली किंवा मरणाचे विचार वाढले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवा. यातल्या काही गोळ्यांसोबत दुखण्याच्या गोळ्या घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो, म्हणून तो कागद इथेही दाखवा.

ऑफिसात कळेल ही भीती मलाही होती. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने आपल्या आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क दिला आहे. आरोग्य विम्यातही मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं, असं हा कायदा सांगतो.

पुढची तारीख चुकली तर लाजेने जाणं बंद करू नका. पुढच्या ओपीडीच्या दिवशी तोच केस पेपर घेऊन जा. मी दोनदा तारीख चुकवली होती. त्यानंतर गेले तेव्हा सिस्टरनी वजन केलं, बी.पी. घेतलं आणि म्हणाल्या, "बसा, नंबर येईल."