चवथीच्या घरात माहितीपट: निवडावा कसा, सुचवावा कसा

“एखादी चांगली डॉक्युमेंटरी सांग गो” असा निरोप आला की पूर्वी मी दहा नावांची यादी पाठवत असे. महिन्याने विचारलं तर त्यातलं एकही कुणी पाहिलेलं नसायचं. यादीतले माहितीपट उत्तम होते, पण ती यादी कुणा एकासाठी केलेली नव्हती. आता मी एका माणसाला एकच माहितीपट सुचवते, आणि तो बहुतेक वेळा पाहिला जातो.

गोव्यात २००४ पासून दर वर्षी इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, भरतो. तिथे इंडियन पॅनोरमा या भारतीय चित्रपटांच्या विभागात नॉन-फीचर, म्हणजे माहितीपट आणि लघुपटांसारख्या, चित्रपटांचा वेगळा गट असतो, आणि तिथून बाहेर पडणारी माणसं बराच वेळ बोलत उभी असतात. पेडण्याहून किंवा सत्तरीहून पास काढून पणजी गाठणं प्रत्येकाला जमत नाही. पण आता तसले माहितीपट घरच्या टीव्हीवर येतात. अडचण एवढीच की रिमोट हातात घेतल्यावर समोर शेकडो चौकोन दिसतात आणि त्यातला आपला कुठला ते कळत नाही. म्हणून ही पद्धत लिहून ठेवते आहे.

पहिली पायरी: आधी माणूस बघा

ज्याला सुचवायचं आहे तो दिवसभर काय काम करतो, हल्ली त्याच्या बोलण्यात कुठला विषय सारखा येतो, टीव्हीपुढे तो किती वेळ बसू शकतो आणि त्याच्या कानाला कुठली भाषा सोपी जाते, एवढं मनाशी ठरवा. माहितीपटाचं नाव त्यानंतर.

माझा एक मावसभाऊ केरीच्या किनाऱ्यावर रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या मासेमारीला, जातो. त्याच्या तोंडी वर्षभर एकच विषय असतो: रात्री खोल समुद्रात दिसणारे एलईडी दिवे. प्रखर उजेडाकडे मासळी गोळा होते, बारक्या पिल्लांसकट उपसली जाते, आणि किनाऱ्यावरून रापण ओढणाऱ्यांच्या जाळ्यात मग फारसं काही येत नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये या मासेमारीवर बंदी घातली, तरी किनाऱ्यावरची ही तक्रार मिटलेली नाही. त्याला मी सर्वणिक कौर यांचा ‘अगेन्स्ट द टाइड’ सुचवला. मुंबईतल्या दोन कोळी मित्रांची ही गोष्ट आहे. राकेश वाडवडिलांच्या रीतीने, किनाऱ्याजवळ मासेमारी करतो. गणेश परदेशात शिकून आलेला, मोठ्या बोटीच्या कर्जात अडकलेला, आणि एलईडीकडे वळावं की नाही या पेचात सापडलेला. २०२३ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात या माहितीपटाला विशेष ज्युरी पुरस्कार मिळाला. पण हे मी दादाला सांगितलंसुद्धा नाही. “दोघे दोस्त, दोघेही कोळी, आणि भांडण दिव्यांवरून,” एवढंच सांगितलं.

वेळही बघून सुचवला. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीबंदी असते, समुद्र खवळलेला असतो, जाळी विणत माणसं घरात असतात. ऑक्टोबरात, मासळीच्या ऐन भरात, हाच माहितीपट सांगितला असता तर त्याने “बघू” म्हटलं असतं आणि विषय तिथेच संपला असता.

ही सांगड घालायची सवय लागली की नावं आपोआप सुचतात. माझ्या सासऱ्यांना जुन्या काळाची ओढ. त्यांना मी फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपट संस्थेचा ‘आय ॲम ट्वेंटी’ लावून दिला. एस. एन. एस. शास्त्री यांनी १९६७ मध्ये केलेला हा अवघ्या वीसेक मिनिटांचा अनुबोधपट. स्वातंत्र्याच्या वर्षी जन्मलेली, तेव्हा विशीत असलेली देशभरातली मुलंमुली त्यात मोकळेपणाने बोलतात. त्याच वर्षी जानेवारीत गोव्यात, महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं यावर, जनमत कौल झाला होता. पट संपला आणि सासरे दोन तास त्या कौलाबद्दल बोलत राहिले. आमच्या घरात या विषयावर इतकं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

जिला शाहिरी, पोवाडे, भीमगीतं आवडतात तिला आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण गेले आणि त्यानंतर शाहीर विलास घोगरे यांनी आयुष्य संपवलं. तिथून सुरू झालेलं हे चित्रण चौदा वर्षं चाललं. बराचसा भाग मराठीत आहे, गाणी तर थेट काळजाला भिडतात. मात्र लांबी तीन तासांच्या घरात. दोन संध्याकाळी मिळून बघायला सांगा.

दुसरी पायरी: ओळखीचा विषय म्हणजे आवडीचा विषय नव्हे

इथे माझी एकदा चूक झाली आणि ती मला अजून लागते. ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ ला मार्च २०२३ मध्ये ऑस्कर मिळालं. कार्तिकी गोन्साल्विस यांचा हा जेमतेम चाळीस मिनिटांचा माहितीपट. तामिळनाडूतल्या मुदुमलाईत बोम्मन आणि बेल्ली हे जोडपं रघू नावाच्या पोरक्या हत्तीच्या पिलाला वाढवतं. मला तो फार आवडला, म्हणून दोडामार्गकडच्या एका नातेवाइकांना मोठ्या उत्साहाने कळवला. त्यांच्या बागायतीत तिळारीकडच्या हत्तींनी त्याच पावसाळ्यात केळी आणि माड आडवे केले होते. त्यांनी तो पाहिला, आणि फोनवर शांतपणे म्हणाले, “पिलू गोड आहे. पण आमच्या बागेत रात्री कोण उभं राहतं, ते यात नाही.”

खरंच बोलले ते. माहितीपट खोटा नव्हता, पण त्या घरात, त्या महिन्यात तो जाऊन पडणं बरोबर नव्हतं. ज्याच्या जखमेला विषय स्पर्श करतो त्याला सुचवण्याआधी विचारून घ्या: “हत्तींवरचं आहे, आत्ता पाहवेल का?” हाच नियम आजार, मृत्यू, अत्याचार या विषयांना लावा. निशा पाहुजा यांचा ‘टू किल अ टायगर’ झारखंडमधल्या एका बापाची, अत्याचार झालेल्या आपल्या मुलीसाठीची लढाई दाखवतो. तो पाहायलाच हवा असं मला मनापासून वाटतं. पण जेवणाच्या वेळी, घरात लहान मुलं असताना, न सांगता लावायचा हा पट नाही.

तिसरी पायरी: कुठे आहे ते शोधा

माहितीपट एका मंचावर कायम राहत नाहीत. हक्कांची मुदत संपली की निघून जातात. म्हणून सुचवण्याच्या दिवशीच तपासा. जस्टवॉच या संकेतस्थळावर देश म्हणून भारत निवडायचा आणि नाव टाकायचं. नेटफ्लिक्स, प्राइम व्हिडिओ, जिओहॉटस्टार, मुबी यांपैकी कुठे आहे, वर्गणीत आहे की भाड्याने, ते कळतं.

ज्यांच्याकडे कुठलीच वर्गणी नाही त्यांना वगळू नका. फिल्म्स डिव्हिजनचे बरेच जुने अनुबोधपट आणि पब्लिक सर्व्हिस ब्रॉडकास्टिंग ट्रस्टचे माहितीपट यूट्यूबवर मोफत आहेत. डॉयचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेची हिंदी माहितीपटांची वाहिनीही तिथेच आहे. प्रसार भारतीचं ‘वेव्हज’ हे ॲप तर आपल्याकडेच, नोव्हेंबर २०२४ च्या इफ्फीत सुरू झालं. यूट्यूबवर कुणी भलत्याच नावाने चढवलेली चोरटी प्रत दिसली तर ती मात्र पाठवू नका. एकेका माहितीपटामागे माणसांची दहा-दहा वर्षं गेलेली असतात.

चौथी पायरी: स्वतः पाहा, आणि डोळे उघडे ठेवून पाहा

न पाहिलेला माहितीपट सुचवायचा नाही. पाहताना तीन गोष्टींकडे मी लक्ष देते.

पहिली गोष्ट, हा खरोखर माहितीपट आहे का? ‘सत्य घटनेवर आधारित’ ही पाटी असलेली मालिका नटांनी केलेली असते. मालेगावचं उदाहरण घ्या. तिथल्या हौशी सिनेमावेड्यांवर फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. त्याच माणसांवर रीमा कागती यांनी पुढे ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा कथापट केला. दोन्ही बघण्यासारखे आहेत. आधी माहितीपट, मग कथापट असा क्रम ठेवला तर खरी माणसं आणि नट यांतला फरक घरच्या मुलांनाही चटकन कळतो.

दुसरी, समोर दिसतं ते कसं टिपलं आहे? ही शंका माहितीपटाइतकीच जुनी आहे. १९२२ च्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ मध्ये बर्फाच्या घरातलं चित्रण करायला उजेड हवा म्हणून अर्धंच घर बांधलं होतं. आजही निसर्गपटांतले पावलांचे, चावण्याचे बरेचसे आवाज नंतर स्टुडिओत तयार करतात, कारण लांबच्या लेन्सने प्राणी जवळ दिसतो पण त्याचा आवाज जवळ येत नाही. यात फसवणूक नाही, पण मुलांना हे सांगावं. माझी भाची तेव्हापासून प्रत्येक निसर्गपटात डोळे मिटून आवाज ओळखायचा खेळ खेळते.

तिसरी, आकडे. ‘सीस्पिरसी’ हा २०२१ चा माहितीपट आमच्या किनारपट्टीवर पुष्कळ फिरला. २०४८ पर्यंत समुद्र मासळीविना रिकामे होतील, असं त्यात आहे. तो अंदाज २००६ च्या एका शोधनिबंधातून आलेला, आणि त्यावर शास्त्रज्ञांनी तेव्हाच आक्षेप घेतले होते. मूळ निबंधाच्या मुख्य लेखकाने पुढे टीकाकारांसोबतच नवा अभ्यास केला, आणि नीट व्यवस्थापन झालं तिथे मासळी सावरते असं त्यात दिसलं. मासळीवर पोट असलेल्या घरात “वीसेक वर्षांत सगळं संपणार” हे वाक्य सहज सोडून देणं क्रूरपणाचं आहे. या विषयावर मी आता २०२५ चा ‘ओशन विथ डेव्हिड ॲटनबरो’ सुचवते. ट्रॉलरचं जाळं समुद्राचा तळ खरवडत जातं तेव्हा खाली काय होतं ते त्यात पाण्याखालून दिसतं, आणि राखून ठेवलेला समुद्र पुन्हा कसा भरतो तेही.

पाचवी पायरी: भाषा आणि अक्षरं

मराठी ध्वनी क्वचितच मिळतो. चालू पट थांबवून ध्वनी आणि उपशीर्षकांची यादी उघडा, हिंदी आहे का पाहा. उपशीर्षकांची अक्षरं मोठी करता येतात. नेटफ्लिक्सवर खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन आकार आणि पार्श्वभूमी बदलायची. वयस्क माणसांसाठी काळ्या पट्टीवर पिवळी, मोठी अक्षरं मला सगळ्यात सोयीची वाटली.

तरीही वाचणं जमत नसेल तर एक उपाय आमच्या घरी चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, सापडला. दुसऱ्या दिवशी दुपारी, नेवऱ्या (करंज्या) खाऊन झाल्यावर, गणपतीपुढे टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली वीसेक माणसं बसली होती. लावला होता ‘माय ऑक्टोपस टीचर’: दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यालगत रोज पाण्यात उतरणारा क्रेग फॉस्टर आणि एक मादी ऑक्टोपस. सासूबाईंना इंग्रजी कळत नाही. नववीतली पुतणी त्यांच्या शेजारी बसली आणि हळू आवाजात मराठीतून सांगू लागली. शार्कने ऑक्टोपसचा एक हात तोडला तिथे ती बोलायची थांबली. सासूबाईंनी विचारलं, “मेली?” “नाही आजी, बिळात गेली. हात परत उगवतो तिचा.” मग मागे बसलेले काकाही टीव्हीचा आवाज कमी करा म्हणाले, त्यांना पुतणीचं ऐकायचं होतं.

पावसाळ्यात वीज आणि नेट दोन्ही बेभरवशाची. आदल्या रात्री फोनवर किंवा टॅबवर डाऊनलोड करून ठेवा.

सहावी पायरी: निरोप असा लिहा

लांब कौतुक लिहू नका. नाव, कुठे आहे, किती वेळ, तुलाच का, आणि काही सावधगिरी असेल तर ती. शौनक सेन यांच्या ‘ऑल दॅट ब्रीद्स’ साठी मी म्हापशाच्या एका मैत्रिणीला लिहिलेला निरोप देते. मासळी बाजारावर फिरणाऱ्या घारींना ती न चुकता तुकडे टाकते.

“अगो, ‘ऑल दॅट ब्रीद्स’ बघ. दीड तास. दिल्लीतले दोन भाऊ तळघरात जखमी घारींवर उपचार करतात. तुझ्या घारी आठवल्या. सुरुवात संथ आहे, पंधरा मिनिटं धीर धर. बघितलंस की त्या भावांपैकी तुला कोण आवडला ते सांग.”

शेवटची ओळ महत्त्वाची. “कसा वाटला?” असं विचारलं की “मस्त” एवढंच उत्तर येतं. नेमकं काही विचारलं तर माणूस बोलतो. मैत्रिणीचं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं, बाजारातूनच, सहा मिनिटांचं बोलणं रेकॉर्ड केलेलं, मागे मासळीवाल्यांचा कोलाहल.

आणि रापणीवरच्या दादाने जुलैच्या शेवटी मला उलट विचारलं की तो कोळ्यांचा पट आपल्या रापणीवरच्या बाकीच्यांना कसा दाखवायचा. त्यांच्यातल्या दोघांची पोरं हल्ली दिव्यांच्या बोटीवर कामाला लागली आहेत. “त्यांना नाव सांगू नको,” तो म्हणाला, “मी त्यांना घरी जेवायला बोलावतो आणि लावतो.”