पावसाळाभर उभ्या गाडीत उंदीर : या चुका टाळा

जूनमध्ये पावसाने जोर धरला की बिळांत पाणी शिरतं आणि उंदीर-घुशी कोरडी जागा शोधत वर येतात. नेमकं तेव्हाच आपण गाडी झाकून, चावी कपाटात ठेवून मोकळे होतो. मुलगा परदेशात म्हणून पुण्याच्या पार्किंगमध्ये महिनोन्‌महिने उभी असलेली कार, कोकणातल्या घराच्या पडवीत लावलेली स्कूटर, पेरणी उरकल्यावर शेडमध्ये गेलेला ट्रॅक्टर, या सगळ्यांत उंदराला अंधार, कोरडी जागा आणि निवांतपणा मिळतो. वायर कुरतडणं ही पुढची गोष्ट. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, त्यामुळे तो जिथे राहील तिथे काहीतरी कुरतडणारच. म्हणून वायरवर काय फवारायचं हा प्रश्न नंतरचा. गाडीत त्याचं घरच होऊ नये, यासाठी खटपट करायला हवी.

खाऊ गाडीतच ठेवून गाडी लावणं

सगळ्यात जास्त गाड्या या एका चुकीने खराब होतात. लहान मुलाच्या सीटखाली बिस्किटाचा चुरा असतो, डिकीत गावाहून आणलेल्या तांदळाच्या पोत्यातून सांडलेले दाणे असतात, डॅशबोर्डच्या कप्प्यात शेंगदाण्याची पुडी राहिलेली असते. घरातल्या छोट्या उंदराला दिवसाला जेमतेम तीन-चार ग्रॅम अन्न लागतं. या सांडलेल्या खाऊवर त्याचे कितीतरी दिवस आरामात जातात. टिश्यूचा डबा, जुने कपडे, फोमची उशी हेही काढून घ्या, कारण घरट्याला लागणारा माल तोच. सीट मागे सरकवून, मॅट उचलून व्हॅक्यूम मारा. वरवर कपडा फिरवून भागत नाही.

शेतावर हे प्रकरण मोठं असतं. मळणी यंत्रात किंवा हार्वेस्टरच्या टाकीत, दाणे वर नेणाऱ्या नळीत धान्य उरतंच. कॉम्प्रेसरची हवा मारून ते पूर्ण काढल्याशिवाय यंत्र शेडमध्ये घेऊ नका. त्याच शेडमध्ये पेंडीची पोती आणि कडबा रचलेला असेल, तर ट्रॅक्टरवर कितीही उपाय करा, उंदीर हटणार नाहीत. दोन्हींच्या जागा वेगळ्या करा. तेवढी जागा नसेल तर पेंड झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवा आणि ट्रॅक्टर भिंतीपासून दोन-तीन फूट सोडून उभा करा. उंदीर भिंतीच्या कडेने पळतो, मोकळ्या जमिनीवर यायला कचरतो.

सोसायटीतल्या लोकांना एक कळकळीची विनंती. पार्किंगजवळ कबुतरांना दाणे टाकणं बंद करा. दिवसा उरलेले दाणे रात्री उंदीर वेचतात आणि सगळ्यात जवळचा आडोसा म्हणजे बाजूच्या गाडीचं बॉनेट. ओल्या कचऱ्याचा डबाही तिथून हलवायला लावा.

उंदीर सहज कुरतडेल अशा वस्तूने फट बुजवणं

पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून छोटा उंदीर आत शिरतो. मोठ्या उंदराला अंगठ्याएवढं भोक पुरतं. टायरवरून सस्पेन्शनवर आणि तिथून इंजिनाकडे, हा त्यांचा नेहमीचा रस्ता. पुढच्या काचेखालच्या हवेच्या जाळीतून ते केबिन फिल्टरपर्यंतही पोचतात. अशा ठिकाणी लोक स्पंज, चिंध्या नाहीतर प्लॅस्टिकची जाळी कोंबतात. उंदीर ती एका रात्रीत फाडतो, चिंध्या तर घरट्यालाच वापरतो. पाव इंची, म्हणजे साधारण ६ मिलिमीटरची गॅल्व्हनाइज्ड लोखंडी जाळी कापून बसवा. फटीत कोंबायची साधी स्टील वूल, म्हणजे बारीक लोखंडी तारांचा गुंता, कोकणच्या दमट हवेत लवकर गंजते, स्टेनलेसची मिळाली तर ती घ्या. एअर फिल्टरच्या तोंडाला आणि सायलेन्सरलाही जाळी लावा, पण लावलीत की स्टीअरिंगला लाल फडकं बांधा, म्हणजे काढल्याशिवाय कोणी गाडी चालू करणार नाही.

गाडी बंद करण्याआधी एसी आतली हवा फिरवण्याच्या मोडवर ठेवा. बहुतेक गाड्यांत त्यामुळे बाहेरच्या हवेची झडप मिटते. शून्य खर्चाचा उपाय आहे आणि कोणी करत नाही.

जमिनीपर्यंत लोळणारं कव्हर किंवा ताडपत्री टाळा. खाली अंधार आणि ओल राहते, उंदीर ये-जा करताना दिसतही नाही. बंद गॅरेज असेल तर झाकण्याऐवजी बॉनेट उघडं ठेवलेलं बरं. उजेडात उंदराला राहावंसं वाटत नाही.

डांबर गोळ्या, तंबाखू आणि आवाजाची यंत्रं

तंबाखूची पानं बॉनेटमध्ये बांधणं आपल्याकडे सर्रास चालतं. वास ताजा असेपर्यंत थोडा उपयोग होतोही, पण वास उडाला की ती नुसती सुकी पानं. डांबर गोळ्या केबिनमध्ये अजिबात ठेवू नका. नॅफ्थलीनची वाफ सीटच्या कापडात मुरते आणि लहान मुलांना बाधते. जी सिक्स पीडी या रक्तपेशींतल्या एन्झाइमची कमतरता असलेल्यांच्या तर तांबड्या पेशी फुटू शकतात. अल्ट्रासॉनिक यंत्राचा आवाज इंजिनाच्या धातूमागे पोचत नाही आणि उंदीर त्याला सरावतात. त्यापेक्षा वायरवर गुंडाळायची मिरचीच्या अर्काची टेप घ्या. होंडाची अशी टेप मिळते.

विषाबद्दल स्पष्टच सांगतो : गाडीत ठेवू नका. उंदीर ब्लोअरच्या नळीत जाऊन मेला, तर वास काढायला डॅशबोर्ड उतरवावा लागतो. मेलेला उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला, तर त्यांनाही विषबाधा होऊ शकते. पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टला तर उताराच नाही, ती घरात आणूच नका. पिंजरा किंवा चाप भिंतीला लागून ठेवा, भज्याचा तुकडा किंवा सुकट लावा. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून पहिले तीन-चार दिवस चाप न ओढता नुसतं खाणं ठेवा. त्याला सवय झाली की मग ओढा.

पाच मिनिटं चालू करून बंद करणं

पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचतं, बॅटरीही भरत नाही, उंदराला मात्र ऊब मिळते. आठवड्यातून एकदा गाडी वीस-तीस मिनिटं चालवून आणा. ते जमणार नसेल तर चालू न करता बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा. उंदराने वायर कुरतडली तरी शॉर्टसर्किटचा धोका बराच कमी होतो. पण दर पंधरा दिवसांनी टॉर्च घेऊन बॉनेट उघडाच. मादी तीन आठवड्यांत पिल्लं देते, म्हणून महिन्याचं अंतर फार होतं.

काय बघायचं? बॅटरीच्या ट्रेमध्ये काळ्या लेंड्या, एअर फिल्टरच्या घड्यांत कापसासारखा भुगा, बॉनेटच्या आतल्या अस्तराचा एखादा कोपरा खाल्लेला. यातलं काही दिसलं किंवा पेट्रोलचा वास आला, तर सेल्फ मारू नका. कुरतडलेला इंधनाचा पाइप आणि गरम सायलेन्सरवरचं घरटं, दोन्हींतून आग लागते. आधी मेकॅनिकला बोलवा. तुटलेली वायर नुसती चिकटपट्टी गुंडाळून जोडू देऊ नका, सोल्डर करून वर हीट श्रिंक नळी, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी, चढवायला सांगा. पिवळ्या कनेक्टरच्या वायरी सहसा एअरबॅगच्या असतात, त्यांना सर्व्हिस सेंटरबाहेर हात लावू देऊ नका.

घरटं साफ करताना झाडू मारू नका. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, हाताला जखम असेल तर आणखी धोका. आधी बॅटरी सोडवा, हातमोजे आणि मास्क घाला, पाण्यात कालवलेलं ब्लीच शिंपडून पाच-दहा मिनिटं थांबा, मग ओल्या कागदाने सगळं उचलून पिशवीत बांधा. केबिन फिल्टर नवीन टाका.

विम्याचं पावसाळ्याआधीच विचारून घ्या, तेही लेखी. उंदराने केलेलं नुकसान सगळ्या पॉलिसींत सारखं धरत नाहीत. दावा करायचा असेल, तर घरटं आणि तुटलेल्या वायरी हलवण्याआधी फोटो काढा.