अमेरिकेत गाडीसाठी स्वस्तातला रडार डिटेक्टर कसा निवडावा

न्यू जर्सीतल्या एडिसनहून वॉशिंग्टनला निघालात की टर्नपाइकवर, म्हणजे टोलच्या महामार्गावर, पाटी ताशी ६५ मैलांची आणि डावी लेन ८० ने पळतेय. तुम्हीही त्या लोंढ्यात असता, आणि पुढच्या पुलाआड मामा टपलेले असतात. असं एखादं तिकीट हातात पडलं की माणूस त्याच रात्री रडार डिटेक्टर, म्हणजे वेग मोजणाऱ्या पोलिसी रडारची चाहूल लागताच वाजणारं यंत्र, शोधायला बसतो.

किंमत बघण्याआधी कायदा बघा. खासगी गाडीत डिटेक्टर बहुतेक राज्यांत चालतो. व्हर्जिनिया आणि वॉशिंग्टन डी.सी.मध्ये चालत नाही. कॅलिफोर्निया आणि मिनेसोटात तो समोरच्या काचेला चिकटवण्यावर बंधनं आहेत. व्हर्जिनियात शिरण्याआधी वायर काढून यंत्र डिकीत टाका. वीजपुरवठा नाही आणि हात पोचत नाही, अशा स्थितीत तिथे गुन्हा होत नाही. तिथे ८५ च्या वर गेलात तर नुसती पावती फाडत नाहीत, तो ‘रेकलेस ड्रायव्हिंग’चा फौजदारी गुन्हा धरला जातो. व्हिसावर असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. नायगाऱ्यावरून पुढे टोरांटोला जाणार असाल तर डिटेक्टर घरीच ठेवा, कारण ओंटारिओत तो बंद करून गाडीत ठेवलेलाही चालत नाही, पोलीस जप्त करतात. ‘जॅमर’ म्हणून जे विकतात, पोलिसांचं रडारच निकामी करणारं, ते वेगळं प्रकरण. रडार जॅमर अख्ख्या अमेरिकेत बेकायदा आहे.

आता खरेदी. सगळे किती मैलांवरून रडार पकडतो ते विचारतात. मी आधी विचारेन, विनाकारण किती ओरडतो? माझा पहिला डिटेक्टर सगळ्यात स्वस्त मिळाला तो होता. एडिसनच्या ओक ट्री रोडवर त्याने असा काही गोंधळ घातला की मागच्या सीटवरून लेकीने घाबरून विचारलं, “बाबा, पोलीस?” म्हटलं, “नाही गं, औषधाच्या दुकानाचं दार.” आपोआप उघडणाऱ्या दारांचे सेन्सर आणि अनेक गाड्यांचे ब्लाइंड स्पॉट सेन्सर २४ गिगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे पोलिसांच्या काही रडार गन वापरतात त्याच के बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) चालतात. आठवड्याभरात मी आवाज बंद केला आणि पुढच्याच महिन्यात तिकीट घेतलं.

म्हणून खोक्यावर तीन गोष्टी शोधा. पहिली, पडद्यावर नुसतं बँडचं नाव न दाखवता आकडा दाखवतो का. पोलिसांच्या केए बँडच्या रडार गन बहुधा ३३.८, ३४.७ किंवा ३५.५ गिगाहर्ट्झच्या आसपास असतात. यातला आकडा दिसला की ब्रेकवर पाय जाऊ दे. आकडा नसेल तर प्रत्येक पिपाणीला दचकायचं किंवा एकीलाही नाही. दुसरी, शेजारच्या गाड्यांचे सेन्सर गाळणारा के बँड फिल्टर. तिसरी जीपीएस: रोजच्या वाटेवरचं ते दुकानाचं दार एकदा लक्षात ठेवलं की यंत्र तिथे गप्प बसतं. ठरलेल्या जागेवरच्या कॅमेऱ्यांची सूचनाही जीपीएसमुळेच मिळते.

उदाहरणादाखल युनिडेन कंपनीचे आर१ आणि आर३ बघा. ठळक फरक जीपीएसचा, आर३ मध्ये ते आहे. त्याच कंपनीचा डीएफआर७ खालच्या पायरीवरचा, पण त्यातही जीपीएस आहे. रोज गावातून गाडी चालवत असाल तर जीपीएस सोडू नका. फक्त सुट्टीत मोकळ्या हायवेवर जाणार असाल तर त्याविना भागतं. चारही दिशांचे बाण दाखवणारी महागडी यंत्रं हौसेची. ऑफिसला जाण्यासाठी गरज नाही.

‘लेझरही पकडतो’ या जाहिरातीला भुलू नका. पोलिसांच्या लेझर गनचा झोत ३०० मीटरवर जेमतेम मीटरभर रुंद असतो. डिटेक्टर वाजतो तोवर तुमचा वेग मोजून झालेला असतो. पेनसिल्व्हेनियातल्या काही गावांत पोलीस रस्त्यावरच्या दोन रेघांमधलं अंतर गाडीने किती वेळात कापलं ते मोजतात. तिथे रडारच नाही, तर पकडणार काय? आणि पुण्यातल्या भावाला भेट म्हणून नेऊ नका. तिकडच्या महामार्ग पोलिसांच्या इंटरसेप्टर गाड्यांत लेझर गन असते.

डिटेक्टर बसवताना वायपरच्या पात्याआड किंवा काचेच्या वरच्या रंगीत पट्ट्यामागे ठेवू नका. आरशाच्या जरा खाली, रस्त्याला समांतर, पुढे आणि मागे मोकळं दिसेल असा बसवा. काचेत धातूचा थर असेल तर लहरी अडतात, ते आधी तपासा.

परत करायची मुदत संपायच्या आत एक चाचणी घ्या. शाळेजवळ ‘तुमचा वेग’ दाखवणारी पाटी असते ना, तिच्यात रडार असतं, बहुधा के बँडचं. मर्यादेतच राहून सरळ रस्त्याने तिच्याकडे जा आणि डिटेक्टर कुठल्या झाडापाशी वाजला ते बघा. मग वळणामागून जा. पाटीवर तुमचा आकडा उमटल्यानंतर वाजला, तर परत खोक्यात.