दवाखान्यात कॉम्प्युटर आणि वायफाय घेताय? या चुका टाळा

सांगली-मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही आणि दवाखान्यांच्या तक्रारींनाही. फोन उचलला की पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "नेट लई स्लो आहे ओ, बघून जावा की." अठरा वर्षं दवाखान्यांमधून कॉम्प्युटर-नेटवर्कची केबल ओढतोय. जाऊन बघितलं की बहुतेक वेळा नेट ठणठणीत असतं आणि घोटाळा त्याच्या पुढच्या वीस फुटांत असतो. डॉक्टर मंडळी प्रोसेसरची पिढी विचारतात, प्लॅनचा स्पीड विचारतात. केबलला पैसे द्यायचे म्हटलं की जिवावर येतं, कारण केबल दिसत नाही.

मिरजेतल्या एका हाडांच्या दवाखान्याची गोष्ट सांगतो. संध्याकाळी ओपीडी सुरू झाली की डॉक्टरांच्या केबिनमधलं सॉफ्टवेअर अडकायचं. पेशंटचं नाव टाकायचं आणि ते गोल चक्र बघत बसायचं. त्यांनी आधी पन्नास एमबीपीएस स्पीडचा प्लॅन शंभरचा केला, मग दोनशेचा. फरक शून्य. मग कुणाच्या तरी सांगण्यावरून तीन रिपीटर, म्हणजे वायफायचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारे डबे, आणले आणि भिंतीभिंतीवर टोचले. तेव्हा दुखणं वाढलं आणि मला फोन आला.

रविवारी गेलो. राउटर रिसेप्शनच्या काउंटरखाली, लोखंडी कपाटात, सिस्टरच्या डब्याशेजारी. काउंटरवर हौसेनं ठेवलेली माशांची पेटी. केबिन पार मागे आणि मधोमध एक्स-रेची खोली. तिच्या भिंती नऊ इंची विटांच्या, दाराला आतून शिशाचा पत्रा. एक्स-रे अडवायला लावलेला पत्रा वायफायला सोडेल होय? लोखंडी कपाटानं निम्मा सिग्नल खाल्लेला, उरलेल्यातला काही पेटीतल्या पाण्यानं. मोबाईलवर सिग्नलचं ॲप लावून चालत गेलो. काउंटरजवळ उणे ४२ आणि केबिनच्या खुर्चीत उणे ८४. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितका बरा. उणे ७० च्या पलीकडे गेला की काम रडतखडतच चालणार.

आता रिपीटर. साधा रिपीटर ज्या चॅनलवर, म्हणजे हवेतल्या ज्या वाटेवर, ऐकतो त्याच चॅनलवर पुन्हा बोलतो, म्हणून एका टप्प्यातच स्पीड निम्म्यावर येतो. इथं एकामागे एक तीन. वर त्यातला शेवटचा लावला होता नेमका केबिनमध्ये, जिथं सिग्नलच नाही. ज्याला स्वतःला ऐकू येत नाही तो दुसऱ्याला काय सांगणार?

पण मग सकाळी का चालायचं? उत्तर वेटिंगमध्ये भिंतीवर होतं. 'चपला बाहेर काढाव्यात' या पाटीच्या खाली वायफायचा पासवर्ड चिकटवलेला! संध्याकाळी पेशंट, त्यांचे नातेवाईक, सोबत आलेली पोरं, सगळे त्याच वायफायवर व्हिडिओ बघत बसलेले. त्याच नेटवर्कवर पेशंटच्या फायलींचं शेअर केलेलं फोल्डर उघडं. एखाद्या हुशार पोरानं रिकाम्या वेळात ते चाळलं असतं तर कळलंही नसतं. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा बाजूला ठेवा, आपल्या बायकोचा रिपोर्ट असा चव्हाट्यावर आला तर कसं वाटेल एवढं बघा.

केलं काय, तर माळ्यावरून बावीस मीटर केबल मागे नेली, पॅसेजच्या छताला एक ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलवरून नेट घेऊन वायफाय सोडणारा डबा, लावला, केबिन आणि एक्स-रेचे कॉम्प्युटर थेट केबलवर घेतले. वेटिंगसाठी वेगळ्या नावाचं गेस्ट वायफाय, त्याला स्पीडची मर्यादा आणि आतल्या कॉम्प्युटरकडे जायला मज्जाव. प्लॅन परत पन्नासचा केला. डॉक्टरांना ते पटेना, महिनाभर रोज विचारत होते, "खरंच पन्नास पुरतो का ओ?" तीन रिपीटरांच्या पैशात केबल, पट्टी आणि मजुरी आरामात बसली असती.

माझा शिरस्ता साधा आहे. जी वस्तू जागची हलत नाही तिला केबल. वायफाय मोबाईलला आणि टॅबला. डिजिटल एक्स-रेची एकेक इमेज दहा-वीस एमबीची असते, ती हवेतून पाठवायची हौस कशाला?

केबल घेतानाही खोक्यावर 'कॅट सिक्स' असा दर्जा लिहिलाय म्हणून विश्वास ठेवू नका. माझ्या खिशात ब्लेड असतं. दुकानातच एक तार सोलून खरवडायची. आतून पांढरी निघाली तर ते ॲल्युमिनियम, वर तांब्याचा नुसता मुलामा. दोन वर्षांत पिन सैल होतात, आणि त्याच तारेतून कॅमेऱ्याला किंवा ॲक्सेस पॉइंटला वीज द्यायची असेल तर तार तापते. दुकानदाराचं तोंड वाकडं होतं, होऊ दे.

वायफायचं चॅनल 'ऑटो'वर सोडू नका. २.४ गिगाहर्ट्झवर १, ६ आणि ११ हे तीनच एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. खाली मेडिकल, वर लॅब, शेजारी क्लास अशा इमारतीत शेजाऱ्यांचे चॅनल बघायचे आणि त्यातल्या त्यात मोकळा हातानं लावायचा.

पासवर्ड दवाखान्याच्या नावापुढे १२३ असा नको. राउटरवरचं डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण दाबून जोडायची सोय, बंद करा.

आणि राउटरमागच्या त्या बारीक भोकात पिन घालू नका! हे मुख्यतः नव्या पोरांसाठी. चार व्हिडिओ बघून आलेला पोरगा काही अडलं की पहिल्यांदा रिसेट मारतो. रिसेट केलं की ब्रॉडबँडचा युजर आयडी, पासवर्ड, सगळी सेटिंग साफ. तो पासवर्ड कुणी लिहून ठेवलेला नसतो, वार रविवार असतो आणि कस्टमर केअर गाणं ऐकवत असतं. दहा मिनिटं शांत बसून दिवे बघायला काय होतं? मी राउटरच्या पोटाला कागद चिकटवतो, त्यावर आयडी आणि बसवल्याची तारीख. पासवर्ड डॉक्टरांच्या डायरीत.

कॉम्प्युटर घेण्याआधी मशिनं मोजा, ही गोष्ट कुणीच करत नाही. लॅबच्या जुन्या ॲनालायझरला, म्हणजे तपासणीच्या मशीनला, सिरियल पोर्ट (केबल जोडायचं जुन्या पद्धतीचं तोंड) लागतो, बहुतेक नव्या पीसीला तो नसतो. ईसीजीचं सॉफ्टवेअर कोणत्या विंडोजवर चालतं ते मशीनवाल्याकडून लेखी घ्या, मग दुकानात जा.

सेकंडहँड पीसीला माझी ना नाही, पण नीट ऐका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेल असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. बाजारात सहाव्या-सातव्या पिढीच्या डब्यात जुगाड करून ११ टाकून देतात. काही दिवस चालतं, मग एखाद्या अपडेटला आडवं पडू शकतं. रिसेप्शनला आय थ्री किंवा रायझन थ्री, ८ जीबी रॅम आणि एसएसडी भरपूर झालं. लॅपटॉप तर काउंटरवर नकोच. चहा सांडतो, आणि कधीतरी तो पोराच्या प्रोजेक्टसाठी घरी जातो.

लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. कागद तापवताना तो एवढा करंट ओढतो की यूपीएस किंचाळून सगळंच बंद करतो. उलट राउटर आणि फायबरचा डबा मात्र यूपीएसवर हवाच. लाईट गेली, कॉम्प्युटर चालू, नेट गायब, आणि सोनोग्राफीवाल्या मॅडमचा फॉर्म एफ (गर्भलिंग निदानबंदीच्या कायद्याखाली भरायचा फॉर्म) अर्धवट अडकलाय, हे दृश्य मी इतक्यांदा बघितलंय की मोजणं सोडलं.

आता माझी स्वतःची चूक सांगतो. २०१९ च्या ऑगस्टच्या आधी सांगलीत मारुती चौकाच्या बाजूला एका फॅमिली डॉक्टरांकडे सगळं मीच बसवलं होतं. सीपीयू टेबलाखाली फरशीवर आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खालच्या खणात. तेव्हा फार शहाणपणाचं वाटलं, रोज संध्याकाळी आपोआप बॅकअप! मग कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ च्या वर गेलं. पाणी ओसरल्यावर खण उघडला तर गाळानं फुगलेला, आणि डिस्क त्या चिखलात खडीसाखरेच्या खड्यासारखी रुतलेली. सीपीयू कलंडून आलमारीखाली गेला होता. डॉक्टर काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं. बऱ्याच पेशंटांची जुनी माहिती कायमची गेली. शुगरवाल्या म्हाताऱ्या बायका पिशवीतनं चुरगळलेली जुनी प्रिस्क्रिप्शनं घेऊन यायच्या आणि डॉक्टर त्यांच्यावरून पुन्हा नोंदी करायचे.

तेव्हापासून मी त्यांच्याकडं दोन डिस्क ठेवल्यात. एक दवाखान्यात, दुसरी दर शनिवारी डॉक्टरांच्या मॅडमच्या पर्समधनं त्यांच्या घरी, विश्रामबागेत. महिन्यातनं एकदा त्यातनं एखादा जुना पेशंट उघडून बघायचा, नुसता हिरवा टिकमार्क बघून खूश व्हायचं नाही. सीपीयू मी भिंतीवर लोखंडी फळीवर चढवला, डोक्याच्याही वर. सिस्टर अजून शिव्या घालते, चालू करायला रोज स्टुलावर चढावं लागतं म्हणून. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं. खुर्च्या, तपासायचा कॉट, वजनकाटा सगळं गेलं. सीपीयू खाली उतरवला, फडक्यानं पुसला, सुरू झाला.