कोलेस्टेरॉलची गोळी चालू असताना संत्री खावीत का?

आंबिया बहाराची संत्री हातगाड्यांवर दिसू लागली, की नागपुरात हा प्रश्न घरोघरी निघतो. खुशाल खा. स्टॅटिनच्या, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या, काही गोळ्यांशी वाकडं आहे ते ग्रेपफ्रूटचं आणि त्याच्या जातभाईचं, म्हणजे पपनसाचं. आपल्याकडे त्याला चकोतराही म्हणतात.

आधी गोळ्यांची पट्टी हातात घ्या. ठळक छापलेलं कंपनीचं नाव सोडा, त्याखालच्या बारीक अक्षरातलं औषधाचं नाव वाचा. सिमव्हास्टॅटिन किंवा लोव्हास्टॅटिन असेल तर ग्रेपफ्रूट आणि पपनस पूर्ण बंद. अटोर्व्हास्टॅटिनला त्रास होतो तो मुख्यतः भरपूर रस प्यायल्याने, पण ही फळं टाळलेलीच बरी. रोसुव्हास्टॅटिन, प्राव्हास्टॅटिन, पिटाव्हास्टॅटिन यांना या फळांनी फारसा फरक पडत नाही. बीपीची किंवा दुसरी कुठली गोळी सोबत असेल तर तिचंही डॉक्टरांना विचारून घ्या.

होतं असं. आतड्याच्या अस्तरात सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम असतं. औषध रक्तात उतरण्याआधीच त्याचा काही भाग ते मोडून टाकतं, आणि डोस हा हिशेब धरूनच ठरलेला असतो. ग्रेपफ्रूटमधली फ्युरानोकौमारिन द्रव्यं हे एन्झाइम निकामी करतात. नवं तयार व्हायला एक ते तीन दिवस जातात. म्हणून ‘सकाळी फळ, रात्री गोळी’ ही युक्ती चालत नाही. औषध रक्तात जास्त उतरतं आणि स्नायूंना इजा होण्याचा धोका वाढतो. नागपुरी संत्र्यात आणि मोसंबीत ही द्रव्यं नगण्य असतात. पोह्यांवर लिंबू पिळायलाही हरकत नाही.

आता खायचं कसं. संत्रं सोलून फोडी खा, रस काढू नका. एका पेल्याला चार-पाच संत्री लागतात: साखर सगळी पोटात जाते, चोथा गाळणीत राहतो. फोडींवरचे पांढरे धागे नखाने काढत बसू नका. त्यांत पेक्टिन असतं, आणि हा विरघळणारा तंतू पित्तातली आम्लं बांधून बाहेर नेतो, मग नवी बनवायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. दिवसाला एक-दोन संत्री आणि एक मध्यम पेरू पुरे. शंभर ग्रॅम पेरूत साधारण पाच ग्रॅम तंतू मिळतो. त्यावर मीठ मात्र नको.

पोट साफ व्हायला इसबगोल घेत असाल तर गोळी आणि त्यात किमान दोन तासांचं अंतर ठेवा, नाहीतर औषध नीट शोषलं जात नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी चालू असेल, तर संत्री, केळी, शहाळं यांचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या, कारण पोटॅशियम वाढू शकतं. मधुमेह असेल तर फळं एकदम न खाता दोन वेळांत वाटून खा.

फळं सुरू केली म्हणून गोळी मनाने सोडू नका. विरघळणारा तंतू रोज पाच-दहा ग्रॅम पोटात गेला तरी एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, पाचेक टक्केच उतरतं. स्टॅटिनने ते तीस ते पन्नास टक्के खाली येतं. आणि कष्टाचं काम केलेलं नसताना मांड्या-दंड दुखायला लागले, अशक्तपणा आला किंवा लघवी काळसर चहासारखी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. जाताना सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या सोबत न्या.